देव आळीत येतो तेव्हा

टोकियोत सुमिदा नदीच्या पश्चिम काठावर आसाकुसा नावाची जुनी वस्ती आहे. मे महिन्यातल्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, शुक्रवार ते रविवार, तिथे सान्जा मात्सुरी हा उत्सव होतो आणि त्या तीन दिवसांत लाखो माणसं तिथल्या रस्त्यांवर उतरतात. प्रवासवर्णनांत या उत्सवाचं चित्र ठरून गेलेलं आहे : सोन्याने झळकणाऱ्या मिकोशी, म्हणजे देवाच्या पालख्या, घामाने निथळणारे भोई, पाठभर गोंदवून घेतलेले पुरुष, ढोल, बासऱ्या, रेटारेटी. यातलं काहीच खोटं नाही. पण एवढंच पाहून परतलं, तर हा उत्सव कुणाचा आहे ते कळत नाही. आणि माझ्या मते तो कुणाचा आहे हेच त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

देवस्थानाचा म्हणून ओळखला जाणारा हा उत्सव चालवतात आसाकुसाच्या 44 आळ्या. आळीला जपानीत 'चो' म्हणतात आणि तिचा कारभार पाहणाऱ्या रहिवाशांच्या मंडळाला 'चोकाई'. रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याची शिस्त, आगीपासून सावधगिरी, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस, अशी सगळी कामं हे मंडळ वर्षभर बघतं. मे आला की तेच मंडळ देवाचं यजमान होतं. या पुस्तकात गाभाऱ्यापेक्षा या आळ्यांबद्दल जास्त लिहिलं आहे. ते का, हे आधी सांगायला हवं.

गोष्ट सुरू होते इसवी सन 628 मध्ये. हिनोकुमा हामानारी आणि हिनोकुमा ताकेनारी हे दोघे कोळी भाऊ सुमिदात जाळं टाकून होते. मासळी लागेना, जाळ्यात आली ती एक मूर्ती. त्यांनी ती पाण्यात सोडून दिली, जागा बदलली, तरी पुन्हा तीच मूर्ती हाती आली असं सांगतात. शेवटी ती घेऊन ते गावकारभाऱ्याकडे, हाजी नो नाकातोमोकडे गेले. ही कान्नोन, अवलोकितेश्वराचं जपानी रूप, हे त्याने ओळखलं आणि राहत्या घराचंच मंदिर केलं. तेच आजचं सेन्सोजी, टोकियोतलं सगळ्यात जुनं बौद्ध मंदिर. मूळ मूर्ती आजही कुणाला दाखवत नाहीत. पुढे काही शतकांनी या तिघांनाच देवपण मिळालं आणि सेन्सोजीला लागून त्यांचं शिंतो देवस्थान उभं राहिलं. आजची त्याची इमारत 1649 ची, तिसरा शोगुन तोकुगावा इएमित्सू याने बांधून दिलेली. वर्षातून एकदा मिकोशीत बसून आसाकुसाभर फिरतात ते हे तिघे, दोन कोळी आणि एक गावकारभारी, याच काठावर राहिलेली माणसं. देव दारावरून जातो तेव्हा आसाकुसाचा माणूस त्याच्याशी ज्या मोकळेपणाने वागतो, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

बौद्ध मंदिर आणि शिंतो देवस्थान आज कागदोपत्री वेगळी आहेत. ही वाटणी 1868 ची, मेईजी सरकारच्या हुकमाची. तोवर दोन्हींचा कारभार एकच होता आणि उत्सव कान्नोनचा म्हणून 17 आणि 18 मार्चला होत असे, कारण मूर्ती सापडली तो दिवस 18 मार्चचा मानतात. मिकोशी रात्री कान्नोनच्या मंडपात मुक्कामाला असत आणि दुसऱ्या दिवशी नावांवर चढून सुमिदातून निघत. नावांची ती मिरवणूक 1312 मध्ये सुरू झाली असं परंपरा सांगते. 1872 पासून उत्सव मेमध्ये आला आणि नावा मागे पडल्या. 1958 मध्ये एकदा, आणि मग 54 वर्षांनी, 2012 मध्ये, 700 वर्षांच्या निमित्ताने मिकोशी पुन्हा पाण्यावर गेल्या. सरकारने वाटणी केली खरी, पण आसाकुसाच्या लोकांच्या मनात ती कधी झाली नाही. मिकोशी खांद्यावर घेणारा माणूस आधी कान्नोनला हात जोडतो आणि मग देवस्थानाकडे वळतो. यात आपण दोन धर्म पाळतो आहोत असं त्याला वाटत नाही.

आता मिकोशीबद्दल. काळ्या लाखेचं छप्पर, सोन्याचा मुलामा दिलेलं पितळकाम, चहूबाजूंनी आवळलेले रेशमी गोफ, बऱ्याचदा शिखरावर पंख पसरलेला फिनिक्स, आणि हे सगळं दोरांनी बांधलेल्या लाकडी दांड्यांवर. देवस्थानाच्या तीन मुख्य मिकोशी जवळपास एकेक टन वजनाच्या आहेत. आधीच्या मिकोशी दुसऱ्या महायुद्धात जळाल्या, आजच्या त्यानंतर बनवलेल्या. आळ्यांच्या मिकोशी वजनाने कमी असल्या तरी खांद्याला त्या कमी वाटत नाहीत. चाल एदोची, म्हणजे जुन्या टोकियोची : पावलं अगदी आखूड, जवळजवळ जमिनीवरून घासत जाणारी, आणि प्रत्येक पावलाला मिकोशी वरखाली हिंदकळलीच पाहिजे. 'सोइया, सोइया' हा ठेका सगळ्यांना बांधून ठेवतो. देवाला असं हलवल्याने त्याचं सामर्थ्य जागं होतं ही त्यामागची श्रद्धा. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते आणि अंगणात नाचवली जाते, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

एखाद्या जुन्या भोयाची मान मागून पाहा. हान्तेन, म्हणजे आळीचं चिन्ह पाठीवर असलेला आखूड सुती अंगरखा, खांद्यावरून जरा सरकला की मानेच्या बुडाशी मांसाचा एक घट्ट उंचवटा दिसतो. वर्षानुवर्षं एकाच जागी दांडा बसून पडलेला हा घट्टा. त्याला तिथे वेगळं नाव आहे, मिकोशी-दाको. तो मिरवायचा नसतो आणि लपवायचाही नसतो. नवा मुलगा दांड्याखाली शिरला की शेजारचा माणूस आधी त्याची उंची बघतो. उंच मुलगा बुटक्यांमध्ये आला तर सगळा भार त्याच्या एकट्यावर येतो; बुटका मुलगा उंचांमध्ये आला तर त्याचा खांदा दांड्याला लागतच नाही, तो नुसता लोंबकळतो. त्याला दंडाला धरून दोन जागा पुढे किंवा मागे सरकवतात. चालत्या मिकोशीखाली, ठेका न चुकवता, एक माणूस बाहेर पडतो आणि त्याच क्षणी दुसरा आत शिरतो. ही अदलाबदल सारखी चालू असते. ती नीट पाहायला लागलो की सोन्याच्या पत्र्याकडे लक्ष जात नाही.

दिवसांचा क्रम थोडक्यात सांगतो, सविस्तर पुढे आहेच. गुरुवारी रात्री दिवे मालवून अंधारात तिन्ही देवांना मुख्य मिकोशींत बसवतात. शुक्रवारी मोठी मिरवणूक निघते. त्यात पांढऱ्या बगळ्यांचा नाच असतो, आसाकुसाच्या गेइशा असतात, जुन्या अग्निशामक दलांचा वारसा सांगणारे तोबी कामगार सुरात गात चालतात. त्याच दिवशी देवस्थानात बिन्झासारा नृत्य होतं. लाकडाच्या पातळ पट्ट्या ओवून केलेलं ते वाद्य दोन्ही हातांत धरून झटकलं की कोरडा खळखळाट होतो. पीक चांगलं यावं आणि रोगराई टळावी म्हणून केलेलं हे शेतकऱ्यांचं मागणं आज काँक्रीटच्या शहरात तितक्याच गांभीर्याने केलं जातं. शनिवारी आळ्यांच्या सुमारे 100 मिकोशी कान्नोनच्या मंडपामागे जमतात, एकेक करून देवस्थानापुढे शुद्ध होतात आणि आपापल्या आळीकडे वळतात. लहान मुलांच्या मिकोशीही त्यांत असतात. रविवारी सकाळी 6 वाजता तिन्ही मुख्य मिकोशी आवाराबाहेर पडतात, तीन दिशांना जातात आणि रात्री 8 च्या सुमारास परततात.

रविवारच्या या वाटचालीतच उत्सवाचं मर्म आहे. एक मुख्य मिकोशी दिवसभरात अनेक आळ्यांतून जाते. प्रत्येक आळीचा रस्ता ठरलेला, वेळ ठरलेली. कुणाच्या वाट्याला येणारा वेळ मिनिटांत मोजायचा. जिथे एका आळीची हद्द संपते तिथे, अगदी त्या कोपऱ्यावर, मिकोशी लाकडी घोड्यांवर टेकवली जाते. अलीकडे एका रंगाची हान्तेनं, पलीकडे दुसऱ्या. दोन्हीकडचे वडीलधारे पुढे येतात, वाकून नमस्कार होतो, चार शब्दांची देवाणघेवाण होते, मग सगळ्यांच्या एकसुरी टाळ्या. एकाच्या हातातल्या लाकडी टिपऱ्या ठण्णकन वाजतात. त्यासरशी अलीकडचे खांदे बाजूला होतात आणि पलीकडचे दांड्यांखाली घुसतात. टिपऱ्या ज्याच्या हातात तो त्या आळीचा जबाबदार माणूस. उचलायचं कधी आणि थांबायचं कधी हे फक्त तो सांगतो. बहुतेक वेळा हा कुणी किराणा दुकानदार, चटया विणणारा किंवा खाणावळवाला असतो. हा कोपरा नकाशावर शोधाल तर तिथे काही नसतं. एक दिव्याचा खांब, एक पेय विकणारं यंत्र. पण आळीतल्या मुलाला विचारलं तर तो बोट दाखवून सांगेल, इथपर्यंत आमचं.

नकाशाचा विषय निघाला म्हणून सांगतो. 1962 मध्ये जपानने पत्त्यांसंबंधी नवा कायदा केला. टपालाच्या आणि प्रशासनाच्या सोयीसाठी जुन्या लहान लहान आळ्यांची नावं काढून मोठे विभाग पाडले, त्यांना क्रमांक दिले. त्या दशकात आसाकुसातली कितीतरी नावं पत्त्यांवरून पुसली गेली. सारुवाका-चो हे त्यांपैकी एक. 1840 च्या दशकात शोगुनच्या सरकारने एदोची काबुकी नाट्यगृहं शहराच्या मधून हलवून या एकाच वस्तीत आणून वसवली होती. पुढे काही दशकं जपानी रंगभूमीचा सगळा झगमगाट तिथे होता. आज त्या जागेचा पत्ता आसाकुसा, विभाग 6. टपालवाल्याला सारुवाका-चो ठाऊक असायची गरज नाही. पण मेमध्ये कंदिलांवर आणि हान्तेनच्या पाठीवर तेच नाव येतं. सरकारी दफ्तरातून गेलेलं नाव माणसांच्या पाठीवर साठ वर्षं टिकून राहतं, ते कुणी जतनाचा प्रकल्प काढला म्हणून टिकत नाही. मिकोशी उचलायला नाव लागतं, म्हणून ते टिकतं. शहराच्या इतिहासाविषयी ज्यांना आस्था आहे त्यांनी संग्रहालयाआधी इथे यावं असं मी आग्रहाने म्हणेन.

पैशांचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, 1947 पासून लागू झालेल्या संविधानाने धर्मकार्यावर सरकारी पैसा खर्च करायला मनाई केली. म्हणजे मिकोशीची डागडुजी, जेवणखाण, साके हे सगळं वर्गणीतून आणि देणग्यांतून. आळीच्या तोंडाशी एखादं दुकान किंवा वाहनतळाची जागा रिकामी करून तिथे तात्पुरता मंडप घालतात. मिकोशी तिथेच ठेवलेली असते, मागे लहान देव्हारा, बाजूला साकेचे बुधले, आणि शेजारच्या फळीवर ओळीने लावलेले कागद : कुंच्याने काळ्या शाईत लिहिलेलं देणाऱ्याचं नाव आणि रक्कम. दंतवैद्य, कौलारू छपरं करणारा, नव्याने आलेली हॉटेलची साखळी, नवरा गेल्यावरही त्याच्या नावाने देणारी आजी. मी आसाकुसात पोचलो की आधी या फळ्या वाचतो. कोण राहिलं, कोण गेलं, कुणाचं दुकान मुलाने पुढे चालवलं आणि कुणाच्या जागी इमारत आली, ते या कागदांत कळतं.

या आळ्यांचं मला कौतुक आहे, आणि म्हणूनच त्यांची दुसरी बाजूही मांडायला हवी. 1940 मध्ये सरकारने चोकाई सगळीकडे सक्तीच्या केल्या आणि युद्धकाळात रेशन, पहारा, शेजाऱ्यांवर नजर ही कामं त्यांच्याकडून करून घेतली. म्हणूनच 1947 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने त्यांच्यावर बंदी घातली. प्रशासन उठल्यावर, 1952 नंतर, त्या पुन्हा उघडपणे उभ्या राहिल्या. शेजाऱ्याची काळजी आणि शेजाऱ्यावरची पाळत यांच्यात अंतर फार नसतं, हे आसाकुसाच्या जुन्या माणसांना माहीत आहे. आजही नव्या इमारतीत राहायला आलेल्या एखाद्याने आपण शिंतो मानत नाही म्हणून वर्गणीला नकार दिला, तर ते समजून घेण्याची तयारी बऱ्याच ठिकाणी दिसते.

आणखी एक जखम ताजी आहे. मुख्य मिकोशी बाहेर पडताना काही भोई दांड्यांवर चढून उभे राहत. देवाच्या डोक्याशी पाय नेणं देवस्थानाला कधीच मान्य नव्हतं. या चढणाऱ्यांमध्ये गुन्हेगारी टोळ्यांशी लागेबांधे असलेले लोकही होते. 2007 मध्ये बजावून सांगूनही प्रकार थांबला नाही, तेव्हा 2008 मध्ये देवस्थानाने तिन्ही मुख्य मिकोशी बाहेर काढल्याच नाहीत. आळ्यांच्या मिकोशी फिरल्या, रविवार मात्र सुना गेला. आसाकुसाने तो निर्णय गिळला. मला तो धाडसाचा आणि योग्य वाटतो; गर्दी कमी होईल, धंदा बुडेल ही भीती देवस्थानाने बाजूला ठेवली. मिकोशीपाशी फक्त त्या आळीचं हान्तेन घातलेलाच माणूस असावा हा जुना नियमही त्यानंतर जास्त काटेकोरपणे पाळला जाऊ लागला. बाहेरगावच्या हौशी भोयांची मंडळं असतात. आळीत तरुण उरले नाहीत म्हणून त्यांना बोलवावंच लागतं, पण तेही आळीने दिलेलं हान्तेन घालूनच. बायकांना पूर्वी दांड्याला हात लावू देत नसत; आज अनेक मिकोशींखाली त्या निम्म्याच्या आसपास दिसतात, आणि ठेका राखण्यात त्या पुरुषांपेक्षा कमी नाहीत.

9 ते 10 मार्च 1945 च्या रात्री अमेरिकन बॉम्बफेकीत टोकियोचा पूर्व भाग जळाला. एका रात्रीत सुमारे 1 लाख माणसं मेली असं मानतात. 1923 च्या भूकंपातून वाचलेला सेन्सोजीचा कान्नोन मंडप त्या रात्री कोसळला. आज दिसतो तो 1958 मध्ये पुरा झालेला. इएमित्सूने बांधलेलं तिघांचं देवस्थान मात्र उभं राहिलं. राखेत उरलेल्या माणसांनी अन्नाची भ्रांत असताना पुन्हा मिकोशी घडवून घेतल्या, हे मी फार मोठं मानतो. 2011 मध्ये तोहोकूच्या भूकंपानंतर उत्सव झाला नाही. 2020 मध्ये साथीमुळे तो ऑक्टोबरवर गेला आणि मिकोशी खांद्यांऐवजी ट्रकवरून फिरली. लोक दारात उभे राहून तिला हात जोडत होते. देव आला, पण त्याचा भार कुणी घेतला नाही. 2022 च्या मेमध्ये खांदे पुन्हा दांड्याखाली आले, आधी बेताने, मग पुढच्या वर्षी पूर्ण.

सान्जा हा टोकियोतला एकटा मोठा उत्सव नाही. कान्दा मात्सुरी विषम वर्षी मेमध्ये, हिए देवस्थानाचा सान्नो मात्सुरी सम वर्षी जूनमध्ये होतो. दोन्हींना एके काळी शोगुनच्या किल्ल्यात शिरायची मुभा होती. कान्दाच्या उत्सवात पूर्वी उंच रथ असत. शहरात विजेच्या आणि तारयंत्राच्या तारा आल्यावर रथ अडू लागले आणि त्यांची जागा मिकोशींनी घेतली. कान्दाच्या देवांपैकी एक, ताइरा नो मासाकादो, हा 940 मध्ये मारला गेलेला बंडखोर. सम्राटाची भेट ठरली म्हणून 1874 मध्ये त्याला मुख्य गाभाऱ्यातून हलवलं आणि परत आणलं ते 1984 मध्ये. ओतेमाचीत बँकांच्या इमारतींच्या मधोमध त्याच्या शिराची समाधी आहे, आणि मिरवणूक तिथे थांबते. पण कान्दाची अडचण वेगळी. कान्दा ज्या चियोदा वॉर्डात येतं, तिथे 2000 साली रात्री राहणारी माणसं 40 हजारांहून कमी उरली होती. दिवसा कामाला येणारी 8 लाखांवर. आळी आहे, रहिवासी नाहीत. तिथे आता कंपन्यांचे कर्मचारी मिकोशी उचलतात. काहींना हे नकली वाटतं. मला वाटत नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ थिओडोर बेस्टर यांनी 1989 च्या 'नेबरहूड टोकियो' या पुस्तकात दाखवून दिलं आहे की टोकियोतल्या अशा वस्त्या म्हणजे जुन्या खेड्यांचे उरलेले तुकडे नव्हेत; परंपरेची भाषा हाताशी धरून तिथली दुकानदार मंडळी आपली वस्ती सतत नव्याने घडवत असतात. ज्या रस्त्यावर माणूस दिवसाचे दहा तास घालवतो, तिथल्या देवाचा भार त्याने घेतला तर त्यात खोटं काय?

मराठी वाचकासाठी आसाकुसात आणखी एक जागा आहे. सेन्सोजीपासून चालत दहाएक मिनिटांवर, नदीकडच्या एका टेकाडावर, मात्सुचियामा शोदेन हे मंदिर आहे. तिथे कांगितेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला पोचलेला गणपती. त्याला मुळा वाहतात. एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत राहणारी बरीच मराठी कुटुंबं भाद्रपदात आपला गणपती बसवतात. त्यांतल्या कुणी मेमध्ये सान्जाला आलं, तर या मंदिराची पायरी चढायला विसरू नये.

जाणार असाल तर थोडं सांगून ठेवतो. रविवारी सकाळी 6 ला आवारात घुसायचा हट्ट धरू नका. दिसतं फार थोडं आणि चेंगरायची भीती खरी. दुपारी मंदिरामागच्या गल्ल्यांत जा, दोन वेगळ्या रंगांची हान्तेनं समोरासमोर दिसतील असा कोपरा गाठा आणि तिथेच थांबा. दुसऱ्या मजल्यावरून वाकून पाहू नका, देवाकडे वरून बघणं तिथे वाईट मानतात. बोलावल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. ओळखीतून कुणी हान्तेन उसनं दिलं, तर ते आळीचं आहे हे लक्षात ठेवून घाला, खिशात काही ठेवू नका, आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी घालून, ज्याने दिलं त्याच्याच हातात परत करा.